बावन्न किलोंचा होकार

"पोरी, गाळातनं गाडी घालू नगासा. वरनं भाकरीवानी दिसतंय, पन खाली निस्तं पिठलं हाय."

माकणीहून दगडाबाई आत्यांनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा शिवकन्या आपल्या लेकीच्या, मैनेच्या कानटोपीचा बंद शोधत होती. "हो हो, आत्याबाई," म्हणून तिनं फोन ठेवून दिला. आता शिवकन्या म्हणजे कुणी काही सांगावं आणि तिनं सोडून द्यावं अशातली बाई नव्हे. दीड वर्षाच्या मैनेला शिंक आली तरी ती वेळ लिहून ठेवायची. घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिनं जुने मोजे चढवले होते. सासऱ्यांच्या काठीला खाली रबर होतंच, त्यावर तिनं आणखी एक रबर बसवलं होतं. पण ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. माती कशी असते हे आत्याबाईंनी तिला शिकवावं, एवढं काही अजून झालं नव्हतं. उभ्या जन्मात तिनं ही एकच सूचना हसण्यावारी नेली.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्येला धाराशिव जिल्ह्यातल्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं शेतात जेवायला जातात. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, पूजा करायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर असं दाबून खायचं, आणि बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाताला धरून पंगतीला बसवायचं. माकणीच्या धरणाकाठी आत्याबाईंची तीन एकर जमीन होती आणि तिथंच दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. येळवशीला भावाकडचं माणूस आल्याशिवाय त्या ताटावर बसत नसत. इतकी वर्षं बब्रुवानमामा, म्हणजे शिवकन्येचे सासरे, न चुकता जायचे. यंदा त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी, धुळीत जायला बंदी. सासूबाई लातूरला लेकीच्या बाळंतपणाला. तेव्हा यंदा जायचं होतं शिवकन्येनं आणि तिच्या नवऱ्यानं, रणधीरनं.

रणधीर मात्र आठवडाभर आधीपासून तयार होता. दिवाळीत त्यानं जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. तिची चारही चाकं एकदम जोर लावून फिरतात, हे त्यानं शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबांना आणि दूधवाल्यालाही सांगितलं होतं. अजून कुणी ते पाहिलं नव्हतं, कारण जीप भाजी आणण्यापलीकडे कुठं गेलीच नव्हती. शिवकन्येनं मात्र मैनेला भरवता भरवता रानवाटेनं गाडी चालवायचे सगळे व्हिडिओ पाहून टाकले होते आणि त्यातून अकरा नियम काढून मैनेच्या लसीकरणाच्या कार्डामागं लिहिले होते. घरातला तेवढाच एक कागद कधी हरवत नसे.

तिच्या जिवाला खरी टोचणी वेगळीच होती. आत्याबाईंना साखर होती. बरोबर बाराला गोळी, आणि गोळीनंतर अर्ध्या तासात जेवण. गोळी पोटात आणि पोट रिकामं, असं झालं तर माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, भोवळ येते, हे तिनं वाचून ठेवलं होतं. आणि आत्याबाई तर ही मंडळी पोचल्याशिवाय घास तोंडात घालणार नव्हत्या.

"बारा वाजायच्या आत पोचायचंच," ती निघताना म्हणाली. "मामा, तुमचं ताट ओट्यावर झाकून ठेवलंय. डोळ्यात थेंब अकराला. पोचलो की लगेच फोन करते."

"कर बाई," मामा पट्टी सावरत म्हणाले. "म्या हितंच फोनपाशी बसतो. दगडीला म्हनावं, पुढच्या येळवशीला दोनी डोळ्यांनी येतो."

आठला निघायचं ठरलं होतं. पण एक स्वेटर जास्त, एक कमी, मैनेचं उकळून गार केलेलं पाणी, ताप मोजायची कांडी, परत एकदा गॅस बंद आहे का बघणं, यात साडेनऊ झाले. बाराच्या आत पोचण्याची घाई लागली ती या सावधपणामुळंच.

माकणीच्या अलीकडं फाट्यावर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथून आत्यांच्या शेताकडं धरणाला वळसा घालून जाणारी चार किलोमीटरची गाडीवाट होती, पण ती बैलगाड्यांनी आणि ट्रॉल्यांनी पार भरून गेलेली. सगळ्यांना आजच शेतात जायचं होतं आणि घाई कुणालाच नव्हती. सरळ समोर धरणाचं पाणी उतरून उघडा पडलेला तळ होता. पलीकडच्या काठावर आत्याबाईंचा लिंब दिसत होता. सहाशे मीटर असेल नसेल.

शिवकन्येनं आत्यांना फोन लावला. लागला नाही. आत्यांच्या घरात रेंज नसे. फोन करायचा तर त्या बांधावर चढून करत.

"आत्याबाई कालच म्हणाल्यात गाळातनं नको," ती म्हणाली, पण तिची नजर घड्याळावर होती.

"अगं, त्यांना काय ठाऊक फोर बाय फोर काय असतंय?" रणधीरचे डोळे चमकले. "चारी चाकं एकदम फिरतेत!"

"थांबा. नियम चार." तिनं कार्ड काढलं. "अनोळखी जमिनीवर गाडी घालण्याआधी स्वतः चालून पाहा."

मैनेला तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून, रणधीरला हँडब्रेक ओढायला लावून, शिवकन्या खाली उतरली आणि धरणाच्या तळावरून चालत निघाली. तीसेक पावलं गेली. जमीन खणखणीत. भेगा पडलेली, पांढुरकी, वाळलेली. तिनं टाच आपटून पाहिली. उडी मारून पाहिली. डाव्या हाताला कुणीतरी गाळात हरभरा पेरला होता, तो चार बोटं वर आला होता. त्यापासून लांब राहायचं, हा नियम सात. मग तिनं मागं वळून दोन्ही हात हलवले.

"या! एकदम पक्की आहे!"

शिवकन्येचं वजन बावन्न किलो. बावन्न किलोंना जमिनीनं होकार दिला होता. पावणेदोन टनांना तिनं कसलंही वचन दिलं नव्हतं.

जीप वीस पावलं ऐटीत आली. एकविसाव्याला पुढचं डावं चाक वाकून नमस्कार केल्यासारखं खाली गेलं.

"पाय काढा! एक्सिलेटरवरचा पाय काढा! नियम सहा!" शिवकन्या धावत ओरडली.

पण रणधीरला ऐकू गेलं नाही, कारण त्यानं पाय आणखी दाबला होता. चारही चाकं एकदम, पूर्ण जोरानं, जागच्या जागी फिरू लागली. काळ्या चिखलाचा फवारा शिवकन्येच्या नव्या साडीवर, केसांवर आणि कार्डावर पडला. जीप हळूहळू खाली बसत गेली आणि पोट टेकल्यावर थांबली. आत मैना टाळ्या वाजवत होती.

"बघितलंस?" रणधीर खिडकीतून डोकं काढून हळूच म्हणाला. "चारी फिरली."

"पाहिली," शिवकन्या डोळ्यातला चिखल पुसत म्हणाली. "आता दूधवाल्यालाही बोलावा बघायला."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. तिनं फोन काढला. खाली रेंजच नव्हती, ना तिच्या फोनला, ना रणधीरच्या.

इतक्यात हरभऱ्याच्या बाजूनं एक डोक्याला टापरं बांधलेला माणूस बांधाबांधानं आला. हे कल्याणप्पा. हरभरा त्यांचाच. त्यांनी आधी जीपकडं पाहिलंच नाही. वाकून चाकांच्या खुणा पाहिल्या, त्या हरभऱ्यापासून किती हात लांब आहेत ते मोजलं, आणि मगच तोंड उघडलं.

"गाडी रुतली ती रुतली, पन हरभऱ्यात घातली न्हाईसा. मानसं चांगली दिसत्यात. कुनाची म्हनायची?"

"दगडाबाईंची भाचेसून," शिवकन्या घाईघाईनं म्हणाली. "काका, लई उशीर झालाय हो. आत्याबाईंनी गोळी घेतली असेल, आम्ही गेल्याशिवाय त्या जेवणार नाहीत. कुठं ट्रॅक्टर मिळेल का?"

"मिळंल की. पयलं जेवा."

"काका, आधी गाडी..."

"गाडी कुठं जायलीय?" कल्याणप्पांना खरंच प्रश्न पडला. "तिला जाता आलं असतं तर ती गेली नसती का?"

"मग मी चालत जाते. वळसा घालून."

"जा की. चार किलोमीटर हाय. वाटंत धा-बारा कोपा लागतेत. लेकरू कडंवर बघून एक बी मानूस न जेवू घालता सोडायचा न्हाय. सांजच्याला पोचचाल." मग ते हलकंसं हसले. "दगडाबाईची फिकीर नगं करूस पोरी. बर्री, बर्री. या, या."

येळवशीच्या दिवशी रानात आलेलं माणूस उपाशी गेलं तर कल्याणप्पांना वर्षभर चैन पडलं नसतं. शिवकन्येला घास जात नव्हता. भज्जी अशी झाली होती की एरवी तिनं करायची रीत विचारून घेतली असती. पण तिला सारखा आत्याबाईंच्या कपाळावरचा घाम दिसत होता. रणधीर मात्र तीन वाट्या आंबील प्यायला.

"अहो, आत्या तिकडं उपाशी, न् तुम्ही ओरपताय!"

"नाही म्हणालो तर हे ट्रॅक्टर बोलावतील का?" रणधीर मिशी पुसत म्हणाला. "मी गाडी काढायलोय, शिवकन्या. माझ्या परीनं."

आणि कुणी बोलवायला जायच्या आधीच ट्रॅक्टरचा आवाज आला. प्रसेनजित गुरुजी आले होते. माकणीच्या शाळेत शिकवायचे, सुट्टीत शेती बघायचे. येळवशीची त्यांच्या घरी पूजा नसे, पण नंदाताईंच्या हातच्या उंड्यांसाठी आजूबाजूचं शिवार त्यांच्या कोपीकडं डोळे लावून बसलेलं असे.

"एवढ्या लवकर कसं कळलं तुम्हाला?" शिवकन्येनं विचारलं.

"कळलं," गुरुजी म्हणाले आणि कल्याणप्पांकडं बघून हळूच हसले. मग जीपभोवती एक फेरी मारली. "टोचन करून ओढावी लागंल. पण माझा ट्रॅक्टर ह्या गाळात आणला तर उद्या दोघांना काढायला तिसरा लागंल. ट्रॅक्टर वर पक्क्या जमिनीवर उभा करायचा. म्हणजे लांब नाडा पाहिजे, चांगला जाड दोर. नाडा आमच्या कोपीत आहे. चला."

"सगळ्यांनी कशाला?"

"तुम्ही न जेवता गेलात असं नंदाला कळलं तर मला घरात घेणार नाही ती."

नंदाताईंनी उंडे वाढले. नको म्हटल्यावर खीर वाढली. मैनेनं दोन्ही हातांनी खाल्लं, आणि उकळून गार केलेलं पाणी तसंच पिशवीत राहून ती मडक्यातलं पाणी प्यायल्याचं शिवकन्येला कळलं, तेव्हा ते पिऊन झालं होतं. घड्याळात सव्वा वाजला होता. गोळी घेऊन सव्वा तास. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"ताई, माझी चूक आहे हो," ती नंदाताईंना म्हणाली. "त्यांनी काल सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांना काही झालं तर..."

"काय होत न्हाय," नंदाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "डोळं पुसा. न् गाडी काढताना ह्या दोघांवर ध्यान ठिवा. बाप्यांना दोर दिसला की पयलं वढायचं सुचतंय."

ते मात्र शिवकन्येच्या मनात बसलं. नाडा घेऊन सगळे गाळाकडं परत आले, तेव्हा तिनं पदर खोचला आणि चिखलानं बरबटलेलं कार्ड हातात घेतलं.

"गुरुजी, थांबा. अहो, तुम्ही चारही टायरची हवा कमी करा. मी सकाळीच सांगत होते."

"हवा कमी केली तर..."

"टायर पसरतो, जास्त जमीन धरतो. करा. कल्याणप्पा काका, चाकापुढचा गाळ काढायचा, आणि खाली घालायला काहीतरी पाहिजे."

कल्याणप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. गाळात घालण्यासारखं एकच होतं. ते मुकाट्यानं गेले आणि स्वतःच्या कोपीची एक भिंत काखेत मारून घेऊन आले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा दुसरी भिंत आणली. मग छप्पर. शेवटी त्यांच्या कोपीत पाच पूजेचे दगड आणि आंबिलीचं मडकं उघड्यावर उरलं, आणि सगळा कडबा जीपखाली गेला.

"काका, तुमची कोप!"

"आता जेवन झालंय की," कल्याणप्पा म्हणाले. "कडबा काय, धुवून बैल खातील."

गुरुजी ट्रॅक्टरवर चढले. शिवकन्येनं परत हात वर केला. नाड्याच्या मधोमध तिनं मैनेची गोधडी टाकली.

"हे कशाला?"

"नाडा तुटला तर चाबकासारखा येतो. गोधडी पडली की त्याचा जोर मरतो. आणि दोराच्या लांबीहून जवळ कुणी उभं राहायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही. नंदाताई, मैनेला त्या बांधापर्यंत मागं न्या. काका, तुम्हीसुद्धा."

पन्नास वर्षं शेती केलेले कल्याणप्पा निमूटपणे मागं सरकले. गुरुजी म्हणाले, "शाळेत असं ऐकलं असतं पोरांनी तर!"

"हळू. झटका द्यायचा नाही. अहो, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये. पाय अलगद. चाक जागेवर फिरलं तर..."

"पाय काढायचा," रणधीर आज्ञाधारकपणे म्हणाला. "नियम सहा."

नाडा ताणला गेला, करकरला. जीपनं एक मोठा उसासा टाकला, गाळानं तिला दोनदा सोडलं आणि दोनदा धरलं, आणि मग ती कडब्यावरून हळूहळू वर आली. मैना परत टाळ्या वाजवू लागली. या वेळी सगळ्यांनीच वाजवल्या.

रणधीर लगेच गाडीवाटेकडं वळणार होता. शिवकन्येचा जीव आत्याबाईंत अडकला होता, तरी तिनं त्याच्या हातात खोरं दिलं. "चाकोऱ्या बुजवून जायचं. नियम दहा. उद्या यात कुणाचा बैल पाय मोडून घेईल." दोघांनी दोन्ही चाकोऱ्या बुजवल्या. कल्याणप्पा बाजूला उभे राहून बघत होते. जाताना त्यांनी मैनेच्या मुठीत हरभऱ्याचे कोवळे शेंडे दिले.

वळशाच्या वाटेनं आत्याबाईंच्या शेतावर पोचले तेव्हा पावणेचार वाजले होते. शिवकन्या जीप थांबायच्या आत उतरली आणि अनवाणी धावली. लिंबाखाली दगडाबाई बाजेवर बसल्या होत्या. ताठ. पान लावत.

"आत्याबाई! घाम येतोय का? चक्कर? हात बघू, कापतोय का?"

"मला काय धाड भरलीय?" आत्याबाईंनी चुना लावलेलं बोट तसंच धरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुजंच लुगडं बग. म्हशीवानी लोळून आलीस."

"गोळी घेतली होती तुम्ही! जेवण..."

"जेवले की. साडेबाराला. दोन भाकरी न् वाडगंभर भज्जी. गोळी घेऊन उपाशी राह्यला म्या काय येडी हाय?"

"पण दरवर्षी तुम्ही थांबता..."

"थांबायचे. साखर व्हयच्या आदी." आत्याबाईंनी पानाची घडी घातली. "बांधावर उभी व्हते म्या. तुमची गाडी गाळात उतरताना बगितली. तू उड्या मारायलीस ते बी बगितलं. तवाच हाळी दिली कल्याणप्पाला, म्हनलं, म्या जेवून घेते, लेकरू हाय संगं, पयलं खाऊ घाल. न् गुरुजीला सांगितलं, ट्रॅक्टर काढ. रुतल्याली गाडी काय पळून जात न्हाय, पन लेकराचं जेवान टळाया नगं. वाढू का आता?"

शिवकन्या बाजेच्या कडेला बसली आणि एकाच वेळी हसू आणि रडू लागली. म्हणजे "कुनाची" असं विचारणाऱ्या कल्याणप्पांनाही सगळं ठाऊक होतं. गुरुजींना, नंदाताईंना ठाऊक होतं. तिघांनी मिळून तिला दोन वेळा जेवू घातलं होतं, आणि ती प्रत्येक घासाला आत्याबाईंचा जीव जाताना बघत होती.

"दादाला कळवलं का?" आत्याबाईंनी विचारलं. "म्या बांधावरनं पावणेबाराला फोन केल्ता त्याला. म्हनलं, पोरं अजून आली न्हाईत. तो म्हनला, साडेनवलाच निघालीत. मग तुमी दिसला गाळात, तशी म्या फोन लुगड्यात खोचला न् पळाले."

शिवकन्या बाजेवरून ताडकन उठली.

कार्डावरचा शेवटचा नियम चिखलाखाली गेला होता, पण तो तिला पाठ होता. अकरा: निघताना एका माणसाला सांगा, आणि पोचल्यावर त्याच माणसाला कळवा. अर्धा तिनं पाळला होता.

ती धावत बांधावर चढली. रेंज आली तसा फोन हातात थरथरायला लागला तो थांबेचना. एकोणचाळीस कॉल. सगळे मामांचे. तिनं फोन लावला. अर्धी घंटीही वाजली नाही.

"हॅलो? कोन? पोरी?"

"मामा, पोचलो. गाडी गाळात रुतली होती. आता सगळे बरे आहेत."

मामांनी एकेकाचं विचारायला सुरुवात केली.

"मैना?"

"दोन कोपींवर जेवली."

"दगडी?"

"कधीच जेवल्या, मामा."

"बरं झालं. बरं झालं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग आता म्या बी बसतो ताटावर. भाकरी जरा कडक झाली असंल, पन चालतंय."

शिवकन्या बांधावर तशीच उभी राहिली. दिवसभर ती ज्या माणसाच्या उपाशी पोटाची काळजी करत होती, ते माणूस पोटभर जेवून पान खात होतं. आणि जो खरा उपाशी होता, तो एका डोळ्यानं फोनकडं बघत ओट्यावरच्या ताटाला हातही न लावता बसला होता, तिनंच बसवलं होतं म्हणून.

मैनेला आता तीन वर्षं होतील. जीप अजून आहे. ती ज्या वाटेनं जायचं असतं त्याच वाटेनं जाते. लसीकरणाचं कार्डही आहे, चिखलाच्या डागासकट. ही गोष्ट शिवकन्या कुणालाही सांगते आणि सांगून झाल्यावर एकच विचारते. तेच तुम्हालाही विचारायला तिनं सांगितलंय: आज घरातून निघताना तुम्ही कुणाला "पोचलो की फोन करतो" म्हणाला होतात? केलात का? नसेल, तर हे बाजूला ठेवा आणि आधी तो फोन लावा. आणि पोचलो एवढं सांगून ठेवून देऊ नका. ते जेवलेत का, तेवढं विचारा.